पेटीवरचा आकडा आणि कानाची कसोटी

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले. १९८३ साली ‘पटेल ३’ या भाताच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी जपले, वर्षानुवर्षे वेगळे पेरले, आणि त्यातून बारीक दाण्याचे, शिजल्यावर मऊ मोकळे होणारे एक नवे वाण उभे राहिले. ते बी बाजारात नेणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याला ‘एचएमटी’ असे नाव दिले, कारण त्या काळी त्या नावाचे मनगटी घड्याळ घरोघरी मानाचे होते. घड्याळाचा आणि भाताचा संबंध काडीचाही नव्हता. नाव उसने होते, गुण मात्र दाण्याचा स्वतःचा होता. दादाजी २०१८ मध्ये निवर्तले. त्यांचा तांदूळ आजही पोत्यापोत्यांनी विकला जातो.

मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, देसाईगंज या बाजारपेठांतील तांदळाचा व्यापारी पोत्यावरचे नाव वाचून कधीच सौदा करत नाही. तो मूठभर दाणे तळहातावर पसरतो, कणी किती ते पाहतो, दाणा दाताखाली धरून ओल जोखतो, माल जुना की नवा ते वासावरून सांगतो, आणि शंका उरली तर चुलीवर नमुना शिजवून पाहतो. पारख हा व्यापारी घराण्यांचा वारसाच आहे. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ दिवाणखान्यासाठी स्पीकर घ्यायला निघतो, तेव्हा पेटीवर छापलेला मोठा आकडा वाचतो, दुकानात चाललेला धडधडाट ऐकतो आणि पैसे मोजतो. दाण्याला लावलेली कसोटी ध्वनीलाही लावता येते. तिच्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. थोडे ज्ञान आणि स्वतःचे दोन कान पुरेसे आहेत.

वॅट म्हणजे नेमके किती

बाजारातील पहिला भुलावा वॅटचा. स्वस्त संचांच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ असे लिहून पुढे हजारोंचा आकडा छापलेला असतो. या मापाची सर्वमान्य व्याख्याच नाही. प्रत्येक उत्पादक ते आपल्या सोयीने काढतो. ज्या मापात एकाचा शेर दुसऱ्याच्या शेराशी जुळत नाही, त्या मापाने व्यवहार करणे कोणताही शहाणा व्यापारी नाकारील. विचारायचा आकडा तो ‘आरएमएस’, म्हणजे यंत्र सलग देऊ शकेल अशी शक्ती, आणि ती किती विकृती धरून मोजली हेही त्यासोबत विचारावे. पडताळ्याचा एक सोपा मार्ग यंत्राच्या पाठीवरच असतो. तेथे यंत्र वीज किती घेते ते छापलेले असते. पुढे चार हजार वॅट आणि मागे साठ वॅट अशी विसंगती आढळली, तर पुढचा आकडा सोडून द्यावा. मोजणीच्या पद्धतीमुळे थोडेफार अंतर पडते, क्षणभरासाठी साठवलेली ऊर्जाही बाहेर पडते; पण पंचवीस किलोच्या पोत्यातून सोळाशे किलो तांदूळ निघत नाही.

दुसरे असे की, वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट झाली की ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज ऐकणाऱ्याला दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि तिच्यासाठी शक्ती दहापट लागते. म्हणून ५० ऐवजी १०० वॅटसाठी मोजलेले जादा पैसे बहुधा आकड्यासाठीच मोजलेले असतात.

याहून महत्त्वाचा, पण जाहिरातीत क्वचित दिसणारा आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एका वॅटवर एका मीटर अंतरावर तो किती डेसिबल आवाज देतो, हे ती सांगते. ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये जे काम करील, त्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॅट लागतील. मध्यम आकाराच्या दिवाणखान्यात, दहा फुटांवर बसून, गप्पांच्या आवाजाहून थोड्या वरच्या पातळीवर गाणे ऐकायचे असेल तर सरासरी एक वॅटही खर्च होत नाही. तबल्याची जोरकस थाप किंवा चित्रपटातील स्फोट यांसारख्या क्षणिक उंचीसाठी वीस-तीस वॅटची शिल्लक लागते. घराची खरी गरज एवढीच आहे.

तिसरा आकडा कंपनसंख्येचा. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते, कारण माणसाच्या श्रवणाची मर्यादाच ती मानली जाते. त्या टोकांना आवाज किती उतरतो, हे सांगितल्यावाचून त्या ओळीला अर्थ नाही. प्रामाणिक उत्पादक ‘उणे-अधिक ३ डेसिबल’ अशी अट जोडतो. अशी अट जोडून ‘५५ हर्ट्झपासून’ म्हणणारा स्पीकर, अट न जोडता ‘२० हर्ट्झपासून’ म्हणणाऱ्या स्पीकरपेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा.

सागवानाच्या मुलखात पेटीची परीक्षा

आलापल्लीच्या जंगलातील आणि बल्लारपूरच्या आगारातील सागवानाची कीर्ती देशभर आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये याच भागातून सागवान रवाना झाले. साहजिकच येथील घरांत ‘पेटी सागवानाची हवी’ असा आग्रह धरला जातो, आणि सुतार तशी पेटी बनवूनही देतो. परंतु दार आणि स्पीकर यांची गरज एक नाही. अस्सल लाकूड ऋतुमानाने फुगते व आक्रसते, त्याची घनता फळीफळीत बदलते, आणि पातळ फळी विशिष्ट स्वराला स्वतःच कंप पावू लागते. स्पीकरच्या पेटीने गप्प राहावे, ही तिच्याकडून अपेक्षा असते. म्हणून बहुतेक चांगले उत्पादक लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या, सर्वत्र सारख्या घनतेच्या एमडीएफ फळ्या वापरतात आणि आत आडवे आधार देतात. वरून सागाचा पातळ पापुद्रा लावला तर तो शोभेसाठी, ध्वनीसाठी नव्हे.

मडके घेताना ग्राहक टिचकी मारतो आणि खणखणीत नाद आला की ते पक्के समजतो. स्पीकरच्या बाबतीत ही परीक्षा उलटी लावावी. पेटीच्या कुशीवर बोटाच्या पेराने ठोकावे. बद्द, मेलेला आवाज आला तर पेटी चांगली. डब्यासारखा नाद आला तर तोच नाद पुढे प्रत्येक गाण्यात मिसळणार, हे ओळखावे. पेटी उचलून तिचे वजनही पाहावे. हलक्या पेटीत लोहचुंबक लहान आणि फळी पातळ असण्याचा संभव अधिक असतो.

या दोन जिल्ह्यांच्या हवेचाही विचार हवा. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांच्या वर जातो, आणि गडचिरोलीचा पावसाळा घराच्या भिंतींना ओल आणतो. कच्च्या भुशाच्या फळीची पेटी ओलीने कडांशी फुगते. पडद्याच्या कडेला फोमची झालर असेल तर ती उष्णतेने आणि दमटपणाने दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन गळते. रबराची झालर त्याहून पुष्कळ टिकते. कोळशाच्या आणि औष्णिक विजेच्या या पट्ट्यात धूळ हा नित्याचा पाहुणा असल्याने पुढचे जाळीदार आवरण काढता-बसवता येणारे असावे. यांपैकी एकही गोष्ट खोक्यावर छापलेली नसते. हात लावून पाहिले तरच ती कळते.

सबवूफर : गरज कोणाला

सबवूफरचा उगम चित्रपटगृहात शोधावा लागतो. १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या अमेरिकी चित्रपटासाठी भूकंपाचा हादरा प्रेक्षकांच्या अंगाला जाणवावा म्हणून चित्रपटगृहांत प्रचंड खर्जाचे स्पीकर बसवले गेले. पुढे घरगुती संचांतही खर्जासाठी स्वतंत्र पेटी आली. ‘५.१’ या संज्ञेतील शेवटचा ‘एक’ तो हाच. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरने आणि वरचा इतर स्पीकरांनी सांभाळावा, अशी वाटणी बहुधा केली जाते.

आता घरात काय ऐकले जाते, याची प्रामाणिक नोंद करावी. स्तवने, प्रवचनांच्या ध्वनिफिती, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीते हा ऐवज असेल, तर त्यात ६० हर्ट्झच्या खाली फारसे काही नसते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आसपास आणि थोडा त्याखाली उतरतो. अशा घराला मध्यम आकाराच्या दोन चांगल्या स्पीकरांची जोडी पुरते, आणि सबवूफरचे पैसे त्या जोडीतच घातले तर फळ अधिक मिळते. मुले-नातवंडे चित्रपट पाहणारी असतील, तर सबवूफरला अर्थ आहे.

घ्यायचाच झाला, तर आकाराचे गणित ध्यानात ठेवावे. खालचा स्वर काढण्यासाठी हवा ढकलावी लागते. एक सप्तक खाली, म्हणजे ८० वरून ४० हर्ट्झवर, तेवढ्याच जोराने उतरायचे तर चौपट हवा हलवावी लागते. बारा इंची पडद्याचे क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असते. लहान संचांत ‘वूफर’ म्हणून दिलेली चार-पाच इंची पेटी खरा खर्ज देऊ शकत नाही. म्हणून ती १०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा आणून खर्जाचा आभास निर्माण करते. ओळखायची खूण सोपी आहे. दोन-तीन निरनिराळी गाणी लावावीत. प्रत्येक गाण्यात खर्ज एकाच सुरात ‘धुम् धुम्’ करत असेल, तर ते त्या गाण्याचे सूर नव्हेत, पेटीचे आहेत. चांगल्या सबवूफरवर डग्ग्याची मींड वरखाली सरकताना ऐकू येते.

खोली हाही संचाचाच भाग

खर्जाचे निम्मे यश खोलीवर अवलंबून असते. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते, म्हणजे ती बहुतेक खोल्यांपेक्षा लांब असते. भिंतींमधून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी खर्ज फुगवतात, काही ठिकाणी तो पार गिळून टाकतात. १२ फुटांच्या खोलीत हा खेळ ४७ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. लांबी-रुंदी सारखी असलेली चौरस खोली सर्वांत अवघड, कारण दोन्ही दिशांचा दोष एकाच सुरावर येऊन साचतो. दुकानात सुंदर वाजलेला सबवूफर घरी आल्यावर बेसूर वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा यंत्रात नसून खोलीत असते.

त्यावरचा बिनखर्ची उपाय असा. सबवूफर क्षणभर ऐकणाऱ्याच्या बैठकीच्या जागी ठेवावा, खर्जाचे ओळखीचे गाणे लावावे, आणि ज्या ज्या ठिकाणी सबवूफर ठेवणे शक्य आहे तेथे वाकून, कान जमिनीच्या जवळ नेऊन ऐकावे. जेथे खर्ज सर्वांत सम आणि स्पष्ट ऐकू येतो, तेथे सबवूफर ठेवावा आणि बैठक पूर्ववत करावी. कोपऱ्यात ठेवल्याने जोर वाढतो, पण समता बहुधा बिघडते.

वरच्या स्वरांचा शत्रू म्हणजे गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती. जुन्या पेढीवर गादी, तक्के, लोड, जाड पडदे आणि वह्यांनी भरलेली कपाटे असत. तेथे बोललेला शब्द स्वच्छ ऐकू येई. आजच्या टाइल लावलेल्या चकचकीत दिवाणखान्यात टाळी वाजवली तर तिचा झंकार मागे रेंगाळतो. अशा खोलीत जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे एक कपाट जे काम करतील, ते दुप्पट किमतीचा स्पीकरही करू शकणार नाही. खरेदीपूर्वी एक टाळी वाजवून पाहावी. पुष्कळदा पहिला खर्च सतरंजीवर करावा असे तीच सांगेल.

डोळे झाकले की भाव कळतो

अमर बोस हे पुढे ध्वनिउद्योगात जगप्रसिद्ध झालेले अभियंते. १९५६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकत असताना, त्यांनी पत्रकावरील उत्तम आकडे पाहून एक महागडा संच विकत घेतला. तो वाजवून त्यांची निराशा झाली. आकडे आणि अनुभव यांतील ही दरी शोधता शोधता त्यांचे आयुष्यभराचे संशोधन उभे राहिले.

१९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर दोनदा ऐकवण्यात आले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, भारदस्त पेट्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. कानांचे मत डोळ्यांनी फिरवले होते. सराव असलेले श्रोतेही त्याला अपवाद नव्हते. अशाच पडदानशीन चाचण्यांतून असेही दिसले की, डोळे झाकल्यावर बहुतेकांना तोच स्पीकर आवडतो, जो कोणताही स्वर फुगवत नाही किंवा दाबत नाही.

दुकानात ही कसोटी लावण्याची रीत कठीण नाही. घरातील दोघे-तिघे जण जावेत. तीन ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत : रोज ऐकण्यातला एक गायक, एक तबला-हार्मोनियम, आणि एखादे संथ प्रवचन. एकाने पाठ करून बसावे, दुसऱ्याने जोड्या बदलत राहाव्यात. आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. महाग जोडी थोडी चढ्या आवाजात ऐकवण्याची युक्ती विक्रीशास्त्रात जुनी आहे. मोबाईलवरील साधे ध्वनिमापक पातळी जुळवण्यापुरते चालते. खर्ज आणि झणझणाट वाढवणाऱ्या कळा मध्यावर आणाव्यात. आणि दहा मिनिटे सलग ऐकावे. पहिल्या मिनिटाला दिपवणारा चमचमीत आवाज दहाव्या मिनिटाला कान थकवू लागला, तर तो घरात रोज नकोसा होणार.

घरातील वृद्धांचे कान

साठी-सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना दूरचित्रवाणीवरील बोलणे नीट समजत नाही, म्हणून मुलगा मोठा संच आणतो. हेतू उत्तम, पण सबवूफर आणल्याने त्यांची अडचण बहुधा वाढते. वयानुसार प्रथम वरच्या स्वरांचे श्रवण मंदावते, आणि शब्दांतील व्यंजने, विशेषतः स, श, च, त, फ, ही तर २००० हर्ट्झच्या वरच्याच पट्ट्यात ओळखली जातात. खर्ज वाढवला की तो या नाजूक ध्वनींना झाकून टाकतो. मग आवाज मोठा ऐकू येतो, शब्द मात्र कळत नाही. आजोबा ‘आवाज वाढव’ म्हणतात, सून कानांवर हात ठेवते, आणि दोघांचीही चूक नसते.

अशा घरी संवादाला स्वतंत्र मधला स्पीकर असलेला संच घ्यावा, किंवा संवाद उठून येईल अशी सोय असलेला साउंडबार घ्यावा. तो वृद्धांच्या बैठकीच्या जवळ, कानाच्या उंचीला असावा. ऐकणाऱ्याचे अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज मोकळ्या जागेत ६ डेसिबलने वाढतो. खुर्ची पुढे सरकवणे हे शक्ती चौपट करण्याइतके फळ देते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. खरेदीच्या दिवशी वृद्धांना दुकानात न्यावे आणि प्रवचन लावून ‘आता कोणते वाक्य झाले?’ असे विचारावे. जो संच त्यांना वाक्य परत सांगू देतो, तो त्या घरासाठी मोलाचा. इतके करूनही शब्द निसटत असतील, तर खर्च स्पीकरवर न करता कानाच्या तपासणीवर करावा.

लहानांच्या कानांचीही काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो.

मांडवाचा आवाज आणि घराचा आवाज

दिवाळीनंतर भाताची कापणी आटोपली की देसाईगंज-वडसा परिसरातून झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या मांडवांत रात्रभर नाटके रंगतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. उघड्या आभाळाखाली शेकडो माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवणारी तेथील ध्वनियंत्रणा आपल्या जागी योग्यच आहे. तिचा प्रभाव मनात ठेवून तसलेच भोंगे आणि बास दिवाणखान्यात आणणे मात्र व्यर्थ. ती यंत्रणा दूर फेकण्यासाठी घडवलेली असते, जवळून ऐकताना ती कर्कश होते, आणि मोठ्या पडद्याच्या त्या पेट्या बहुधा अतिखालच्या खर्जासाठी नसतातच.

शेजाऱ्यांचा विचार खरेदीपूर्वीच करावा. उच्च स्वर भिंतीने अडतो. खर्ज भिंतीतून, स्लॅबमधून पार होतो आणि जंगलकाठच्या निवांत रात्री फार दूर जातो. खाली दुकान, वर घर आणि बाजूला सामाईक भिंत अशी रचना असलेल्या बाजारपेठेत एका घराचा सबवूफर तीन घरांची झोप मोडतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. खाजगी ध्वनिसंचाचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. सबवूफरखाली जाड रबरी तळवे द्यावेत, आणि रात्रीसाठी खर्ज उतरवणारी सोय संचात आहे ना, हे आधीच पाहून घ्यावे.

बिल कोणाच्या नावे

स्पीकरवर १८ टक्के जीएसटी लागतो. ४०,००० रुपयांच्या संचावर तो ७,२०० रुपये होतो. दुकानाच्या नोंदणी क्रमांकावर बिल घेऊन ही रक्कम वळती करून घेण्याचा मोह काही घरांत होतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवरील कराची वजावट मिळत नाही. चुकीने घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. दुसरा तोटा त्याहून मोठा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूच्या खरेदीदाराला सामान्यतः ‘ग्राहक’ मानत नाही. घरचा संच दुकानाच्या नावे लिहिला, तर बिघाड झाल्यावर आयोगापुढे उभे राहण्याचा हक्कच डळमळतो. बिल घरातील व्यक्तीच्या नावे, क्रमांकासह आणि वॉरंटीच्या शिक्क्यासह घ्यावे. तेच सचोटीचे आणि तेच फायद्याचे. याच कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. नागपुरात किंवा ऑनलाइन घेतलेल्या संचाची तक्रार गडचिरोलीत दाखल होऊ शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिचे शुल्क नाही.

दुरुस्तीचे अंतरही किमतीत धरावे. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. सर्व काही एकाच पेटीत कोंबलेल्या संचात एक भाग बिघडला की सगळा संच बसतो. स्पीकर निराळे आणि अॅम्प्लिफायर निराळा असेल, तर बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो. पडद्याची झालर गावातील कारागीरही नवी बसवू शकतो. सेवा केंद्र सर्वांत जवळ कोठे आहे, हा प्रश्न भाव विचारण्याआधी विचारावा.

अखेर हिशेब. समजा, १५,००० रुपयांचा संच चार वर्षे टिकला, तर वर्षाला ३,७५० रुपये पडले. ३६,००० रुपयांची स्वतंत्र जोडी पंधरा वर्षे टिकली, तर वर्षाला २,४०० रुपये. पण जादा गुंतलेल्या २१,००० रुपयांचे व्याज व्यापारी विसरणार नाही. द.सा.द.शे. ८ ने, रक्कम हळूहळू वसूल होते असे धरून, ते वर्षाला सरासरी ८४० रुपये होते. मिळून ३,२४० रुपये. म्हणजे महाग संच थोडाच स्वस्त पडला, तोही पंधरा वर्षे खरोखर टिकला तरच. निकाल मग वापरावर ठरतो. रोज एक तास ऐकणाऱ्या घरी तासाला नऊ रुपये पडतात. एवढ्या मोलात मिळणारा निर्मळ स्वर सोडू नये. वर्षातून बारा प्रसंगी वाजवणाऱ्या घरी प्रत्येक प्रसंगाला २७० रुपये पडतात, आणि धूळ पुसण्याचे काम वेगळे. अशा घराने रोजच्यासाठी लहान जोडी ठेवावी आणि प्रसंगाला संच भाड्याने आणावा.

म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात : घरात रोज किती वेळ ऐकले जाते, काय ऐकले जाते, खोली केवढी आहे, आणि सर्वांत मंद कान कोणाचा आहे. तो कागद विक्रेत्यापुढे ठेवावा. त्या चार ओळी वाचून जो लहान संच सुचवील, त्याच्याकडेच पुढच्या वेळीही जावे.